इंद्रजालचे जुने मराठी अंक: विक्रेत्याने लिहिलेल्या दर्जावर कितपत भरवसा ठेवावा?

शनिवारपेठकर

नमस्कार मंडळी,

इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक मी गेली चार वर्षे जमवतो आहे. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. म्हणजे बाजारात फिरणारा अगदी शेवटचा अंकही आता चांगलाच जुना झाला आहे. स्वस्त कागदावर छापलेल्या आणि मुलांच्या हातातून गेलेल्या अशा वस्तूची किंमत बरीचशी तिच्या स्थितीवर ठरणार, हे मला मान्य आहे. पण ती स्थिती ठरवणारा माणूस आणि अंक विकणारा माणूस एकच असतो, तेव्हा त्याचा शब्द कशाच्या आधारावर मानायचा, हे मला कळेनासे झाले आहे.

गेल्या महिन्यात एका विक्रेत्याकडून सत्तरच्या दशकातले वेताळाचे (म्हणजे फँटम या नायकाचे) तीन अंक प्रत्येकी २,२०० रुपयांना मागवले. तिन्हींपुढे ‘व्हेरी फाइन’ असे लिहिले होते आणि छायाचित्रे फक्त समोरून, तीही प्लास्टिकच्या पिशवीतूनच काढलेली होती. पार्सल उघडल्यावर आधी मला आनंदच झाला, कारण मुखपृष्ठांचे रंग तजेलदार होते आणि एकही कोपरा दुमडलेला नव्हता. पिशवीतून अंक बाहेर काढल्यावर मात्र कण्यापासून, म्हणजे घडीच्या बाजूपासून, जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत, एका ओळीत चार भोके दिसली. तिन्ही कडा पात्याने कापल्यासारख्या सरळ होत्या. चौथ्या पानावर सर्वांत वरच्या चौकटीतला मजकूर तर असा छाटला गेला होता की पहिल्या ओळीतल्या मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार नाहीसे होऊन शिरोरेषा तेवढी कागदाच्या काठावर उरली होती.

विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्यांचे उत्तर आले की एवढ्या जुन्या मराठी अंकाची याहून चांगली प्रत मिळत नाही, म्हणून आम्ही हिलाच व्हेरी फाइन म्हणतो. अंक परत घ्यायला त्यांनी नकार दिला.

आता दुसऱ्या एका विक्रेत्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा एक अंक ९,५०० रुपयांना देऊ केला आहे आणि त्यापुढे ‘फाइन प्लस’ असे लिहिले आहे. या शब्दांना काही ठरलेला अर्थ आहे का? आणि पैसे पाठवण्यापूर्वी घरबसल्या नेमके काय तपासता येईल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरगावकर

तुमच्या अंकांचा सगळा पूर्वेतिहास त्या चार भोकांत आहे. ती दाभणाची भोके आहेत.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा नायक इंद्रजालमध्ये आला, त्या सुमारास मी आमच्या गल्लीतल्या लायब्ररीतून हे अंक भाड्याने आणून वाचत असे. सुटा अंक महिनाभरात फाटतो हे लायब्ररीवाल्यांना ठाऊक होते, म्हणून ते पाच-सहा अंक एकत्र करून बाइंडरकडे देत. बाइंडर कण्याजवळून दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवण घाली, वर पुठ्ठा चढवी आणि शेवटी सगळा गठ्ठा कटिंग मशिनखाली घालून तिन्ही बाजू एकसारख्या करी. अनेक घरांतही वर्षभराचे अंक असेच बांधून ठेवत. त्या काळी हे अंक जपण्याचा तोच शहाणपणाचा मार्ग होता आणि त्यामुळेच कितीतरी अंक आज शिल्लक आहेत. सुट्या अंकांना भाव आल्यावर हे गठ्ठे उसवले गेले आणि त्यांतले अंक एकेक करून विक्रीला आले.

म्हणूनच तुम्हाला ज्या दोन गोष्टींचा आनंद झाला, त्याच मला संशयाच्या वाटतात. बांधणीत आत राहिलेल्या अंकाला ऊन लागत नाही, त्यामुळे मुखपृष्ठाचा रंग टिकतो. कोपरे टोकदार दिसतात, कारण मूळचे झिजलेले कोपरे छाटून टाकलेले असतात. पन्नास वर्षांच्या अंकाचे चारही कोपरे नव्यासारखे दिसले की मी आधी पट्टी काढतो. त्याच वर्षाचा, खात्रीचा सुटा अंक हाताशी असेल तर दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहावेत. तीन-चार मिलिमीटरचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. तसा अंक नसेल तर चौकटीबाहेरचा पांढरा समास वर, खाली आणि उजवीकडे किती उरला आहे ते पाहावे. छाटलेल्या अंकात तो एका बाजूला अगदीच निमुळता होतो, कारण बाइंडरने सहा अंकांचा गठ्ठा कापलेला असतो, तुमचा एकटा अंक नव्हे.

दुसरी तपासणी पिनांची. बांधताना बरेच बाइंडर मूळच्या पिना काढून टाकत आणि उसवल्यानंतर कोणीतरी साध्या स्टेपलरने नव्या मारलेल्या असतात. मुंबईच्या किंवा कोकणाच्या हवेत लोखंडी पिन पन्नास वर्षे राहिली की मधल्या पानावर तिच्याभोवती गंजाचा तपकिरी डाग उमटतोच. डाग आहे आणि पिन मात्र चकचकीत आहे, किंवा डाग एका जागी आणि पिन दुसऱ्या जागी आहे, असे दिसले की पिन बदलली आहे असे समजावे. कण्यावर खळीचा पापुद्रा उरला असेल तर तोही नीट पाहावा. कसर खळीवर तुटून पडते आणि कागदाचा वरचा थर खरवडून खाते, त्यामुळे कण्यालगतचा रंग ठिपक्याठिपक्यांनी उडालेला दिसतो. समोरून काढलेल्या छायाचित्रात यांतले काहीही दिसत नाही.

मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचे आहे का, हेही पाहावे लागते, आणि त्यासाठी भिंग हाताशी असावे. मूळ छपाईचे ठिपके आणि झेरॉक्सचे किंवा प्रिंटरचे ठिपके भिंगाखाली एकसारखे दिसत नाहीत. खात्रीच्या अंकाशी ताडून एकदा नजर बसली की पुढे चूक होत नाही.

एक माझे वैयक्तिक मत. पहिल्या पानावर कुणा मुलाने शाईने लिहिलेले नाव, किंवा वाचनालयाचा जांभळा शिक्का, यांमुळे मी अंक नाकारत नाही. तो अंक कुणीतरी वाचला, एवढेच त्यातून कळते. मजकूर छाटलेला अंक मात्र मी अपूर्ण समजतो, मग त्याचे मुखपृष्ठ कितीही सुंदर असो.

न्यूजर्सीकर

शब्दांच्या अर्थाविषयी जे विचारले आहे त्याबद्दल लिहितो, कारण मी इकडे गेली वीस वर्षे अमेरिकन कॉमिक्स घेतो आहे आणि हे शब्द मूळचे इकडचेच आहेत.

रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचे किंमतसूचीचे पुस्तक १९७० मध्ये निघाले आणि त्यातून गुड, फाइन, मिंट हे शब्द संग्राहकांत रूढ झाले. पुढे त्यांच्या मधल्या पायऱ्या वाढत गेल्या आणि आज दहा गुणांची मोजपट्टी वापरली जाते. तीत निअर मिंट म्हणजे ९.४, व्हेरी फाइन ८.०, फाइन ६.०, व्हेरी गुड ४.० आणि गुड म्हणजे फक्त २.०. गुडच्या खाली फेअर आणि पुअर एवढेच मुख्य दर्जे उरतात. म्हणजे ‘गुड’ लिहिलेला अंक सुरकुतलेला, कण्याशी फाटत आलेला, कडा झिजलेला असू शकतो, आणि तरीही तो शब्द या मोजपट्टीप्रमाणे बरोबरच ठरतो. आपल्याकडे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. काही विक्रेते ‘गुड’ हा शब्द रोजच्या बोलण्यातल्या चांगल्या अर्थाने लिहितात, तर काही जण मोजपट्टीतला शब्द उचलतात आणि त्यामागची मोजपट्टी सोडून देतात. ‘व्हेरी फाइन’ वाचल्यावर, तो शब्द विक्रेत्याने कोणत्या अर्थाने लिहिला आहे हे आधी विचारायला हवे.

तुमच्या विक्रेत्याने दिलेले ‘एवढ्या जुन्या अंकासाठी’ हे कारण या मोजपट्टीत बसतच नाही. वयाला सूट नाही, हा तिचा पायाच आहे. १९३८ चा अंक आणि गेल्या वर्षीचा अंक एकाच मापाने मोजला जातो. जुन्या अंकाची चांगली प्रत दुर्मीळ असते म्हणून ती महाग असते. मध्यम प्रत दुर्मीळ आहे म्हणून ती चांगली होत नाही. दुर्मिळता किमतीत धरावी, तिने दर्जा वाढवू नये.

इकडेही विक्रेत्यांच्या शब्दावरचा विश्वास पुरेनासा झाला, आणि त्याचे कारण पैसा. ऑगस्ट १९६२ च्या अमेझिंग फॅन्टसीच्या १५ व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. त्या अंकाची ९.६ दर्जाची एक प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना विकली गेली, आणि त्याच अंकाच्या फाटक्या प्रती त्याच्या अगदी लहानशा अंशाला मिळतात. एका पायरीवर एवढी रक्कम अवलंबून असेल तर ती पायरी विकणाऱ्याने ठरवू नये, या विचाराने २००० साली सीजीसी ही अंक तपासून दर्जा देणारी, आता फ्लोरिडात असलेली कंपनी सुरू झाली. तिथे एकापेक्षा अधिक तपासनीस अंक पाहतात, दर्जा ठरवतात आणि अंक कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. कडा छाटलेल्या किंवा रंग भरून सजवलेल्या अंकाच्या डबीवर नेहमीच्या निळ्या पट्टीऐवजी जांभळी पट्टी लागते आणि त्याची किंमत पुष्कळ खाली येते. तुमच्या तीन अंकांवर इथल्या कोणत्याही जाणकाराने ‘व्हेरी फाइन’ लिहिले नसते.

असे असले तरी डबी म्हणजे शंभर टक्के हमी असे मी म्हणणार नाही. तोच अंक डबीतून काढून पुन्हा पाठवला तर कधी कधी वेगळा दर्जा येतो. वाफ आणि दाब देऊन सुरकुत्या सपाट केलेला अंक कंपनी दुरुस्त केलेला मानत नाही, आणि हे सगळ्याच संग्राहकांना पटलेले नाही. २०२३ च्या अखेरीस तर डब्या उघडून आतले अंक बदलल्याचा प्रकार उघडकीला आला आणि कंपनीला संशयास्पद क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली. शिवाय काही हजार रुपयांचा मराठी अंक फ्लोरिडाला पाठवणे खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही, आणि एकदा सीलबंद झालेला वेताळ वाचता येत नाही, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

समोरच्या छायाचित्रावर का विसंबू नये, याचे इकडचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९७४ चा इन्क्रेडिबल हल्कचा १८१ वा अंक. वुल्व्हरिन या पात्रामुळे त्याला मोठी मागणी आहे. त्या काळात मार्व्हल कंपनी आपल्या अंकांत कापून चिकटवण्यासाठी एक चौकोनी तिकीट छापत असे आणि हजारो मुलांनी ते कात्रीने कापून घेतले. बाहेरून असा अंक निर्दोष दिसतो, आत एका पानाला काडेपेटीपेक्षा लहान खिडकी पडलेली असते, आणि तेवढ्याने किंमत कोसळते. म्हणून मी कोणत्याही विक्रेत्याला विचारतो की प्रत्येक पान तुम्ही स्वतः उलटून पाहिले आहे का, आणि तसे लिहून द्याल का.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारतो: हाच अंक मी तुम्हाला विकायला आणला असता तर तुम्ही त्याला कोणता दर्जा दिला असता? ज्यांनी मला ‘फाइन’ म्हणून विकला, त्याच दुकानात दोन वर्षांनी तोच अंक, पिशवीतून न काढलेला, मी परत नेला तेव्हा तो ‘व्हेरी गुड’ झाला होता. अंक बदलला नव्हता, टेबलाची बाजू बदलली होती.

जुनी_पाने

मी नाशिकला राहतो आणि नोकरी सांभाळून जुनी कॉमिक्स विकतो, त्यामुळे विक्रेत्यांच्या बाजूनेही थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्याकडे माल बहुधा गठ्ठ्याने येतो. कुणाचे घर रिकामे होते, रद्दीवाला फोन करतो आणि एका संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात दोनशे अंक पाहायचे असतात. कण्यावरची बारीक मोड, मागच्या मुखपृष्ठावरचा फिकट डाग, आतल्या पानाची लहानशी चीर या गोष्टी सुटतात आणि त्या माझ्याकडूनही सुटल्या आहेत. अर्ध्या पायरीचा मतभेद दोन प्रामाणिक माणसांतही होतो. पण शिवणीची भोके आणि छाटलेला मजकूर सुटणे शक्य नाही. ते पाहूनही लिहिले नसेल, तर ती नजरचूक म्हणता येणार नाही.

दर्जाचा शब्द लिहिणे मी तीन वर्षांपूर्वी थांबवले आणि त्याऐवजी दोष लिहू लागलो. ‘मागील मुखपृष्ठावर खाली डावीकडे दोन सेंटीमीटरची चीर, मूळ पिना, गंज आहे, पृष्ठ अकरावर पेनाची खूण, कडा न छाटलेल्या’ असे लिहिले की वाद जवळपास संपतात. तुम्हीही समोरच्याकडून शब्दाऐवजी दोषांची यादीच मागावी. छायाचित्रे पिशवीच्या बाहेर काढलेली मागावीत, कारण पिशवीच्या चकाकीत कण्यावरच्या मोडी झाकल्या जातात. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात अंक धरला की प्रत्येक मोड सावलीसह दिसते. मोडीच्या रेषेत शाई तुटून आतला पांढरा कागद दिसतो का, हे मुख्य पाहायचे. शाई शाबूत असलेली मोड फारशी गंभीर नसते. मधले पान पिनांसह, दोन्ही मुखपृष्ठे, कणा, आणि शेजारी पट्टी ठेवून एक, एवढी छायाचित्रे पाठवायला दहा मिनिटे लागतात. ९,५०० रुपये मागणाऱ्याने दहा मिनिटे देऊ नयेत, हे मला तरी समजत नाही.

माझ्यासारख्यांची एक विनंती मात्र आहे. आम्ही लिहिलेला दोष वाचून अंक घ्यावा आणि नंतर त्याच दोषासाठी पैसे परत मागू नयेत. मी सात दिवसांत अंक परत घेतो, पण न लिहिलेल्या दोषासाठी.

शनिवारपेठकर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

दर्जाचा विषय न काढता दुसऱ्या विक्रेत्यांना मी फक्त दोषांची यादी आणि वर सांगितलेली छायाचित्रे मागितली. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी परवा रात्री नऊ छायाचित्रे पाठवली. मधल्या पानावर दोन्ही पिना गंजलेल्या आहेत आणि गंजाचे डाग पिनांच्या बरोबर खाली आहेत. पट्टीवर त्यांचा अंक माझ्या छाटलेल्या अंकांपेक्षा उंचीला चार मिलिमीटर जास्त भरतो. भोके नाहीत. मात्र जाहिरातीत कुठेही उल्लेख नसलेला पाण्याचा एक डाग मागच्या मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात आहे. तो मी दाखवून दिल्यावर त्यांनी यादीत लिहिला आणि ‘फाइन प्लस’ हे शब्दही स्वतःहून काढले, पण किंमत ९,५०० वरून खाली आणायला ते तयार नाहीत. घ्यावा का?

गिरगावकर

आधी डागाची कड आत किती पानांपर्यंत गेली आहे ते विचारा आणि शेवटच्या पाच पानांचे खालचे कोपरे दाखवायला सांगा. पाणी आतपर्यंत गेले असेल तर पाने एकमेकांना चिकटून सोलली जातात आणि कुबट वास कधीच जात नाही. वास छायाचित्रात येत नाही, त्यामुळे तोही त्यांच्याकडून लिहून घ्यावा. दोन-तीन पानांवर थांबला असेल आणि वास नसेल, तर न छाटलेल्या, मूळ पिनांच्या त्या काळातल्या मराठी अंकाला मी आठ हजारांपर्यंत गेलो असतो.

शनिवारपेठकर

डाग शेवटच्या तीन पानांवर आहे, पाने चिकटलेली नाहीत आणि वास नाही, असे त्यांनी लेखी कळवले. दोन दिवस बोलणी होऊन ८,२०० वर ठरले आणि वेगळा दोष आढळल्यास सात दिवसांत परत घेण्याचेही त्यांनी मान्य केले. अंक काल दुपारी पोचला. खिडकीशी बसून एकेक पान उलटून पाहिले. यादीत जे होते तेच निघाले. पहिल्या पानावर निळ्या शाईत एका मुलाचे नाव आहे आणि त्याखाली ‘इयत्ता ५ वी, तुकडी ब’ असे लिहिले आहे. विक्रेत्यांनी तेही दोषांच्या यादीत नोंदवले होते.